टिंटर्नचे छप्पर

वेल्सच्या आग्नेय टोकाला वाय नदी दाट झाडीच्या डोंगरांमधून वळणे घेत जाते. त्यातल्या एका वळणावर, पाण्यापासून फार दूर नाही अशा सपाटीवर टिंटर्नच्या मठाचे चर्च उभे आहे. उभे आहे म्हणजे त्याच्या भिंती उभ्या आहेत. पश्चिमेच्या भिंतीतली सात भागांची प्रचंड खिडकी, तिची दगडी जाळी जवळजवळ जशीच्या तशी आहे. पूर्वेच्या खिडकीत मात्र मधला एक उंच दगडी दांडा आणि वरचे वर्तुळ एवढेच राहिले. दक्षिणेकडची कमानींची रांग शाबूत आहे, उत्तरेकडची कोसळली आहे. जिथे एके काळी फरशी होती तिथे नीट कापलेले गवत आहे आणि वर आकाश. हे पाहायला जगभरातून माणसे येतात आणि बहुतेक सगळे एकच निष्कर्ष घेऊन परततात, की काळापुढे कुणाचे काही चालत नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, असे मला म्हणायचे आहे. टिंटर्न काळाने पाडलेले नाही. ते एका सरकारी खात्याने, एका ठरावीक वर्षी, हिशेब मांडून मोडले. नंतर अठराव्या शतकातल्या रसिकांनी त्याचे निसर्गचित्र केले आणि विसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी ते चित्र पक्के करून ठेवले. आज आपण पाहतो त्यात मध्ययुग आहेच, पण प्रवासी समजतात त्याहून बरेच कमी.

पहिला पुरावा तुलनेचा. टिंटर्नचे सध्याचे गॉथिक चर्च बांधायला 1269 मध्ये सुरुवात झाली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीची गॉथिक पुनर्बांधणी सुरू झाली 1245 मध्ये, म्हणजे टिंटर्नच्या 24 वर्षे आधी. ग्लॉस्टरच्या मठाचे बांधकाम 1089 चे, डरमचे 1093 चे. ही दोन्ही टिंटर्नपेक्षा पावणेदोनशे वर्षांनी जुनी. काळच जर गुन्हेगार असता तर ही तिन्ही चर्चे आधी पडायला हवी होती. ती तिन्ही आज छपरासकट उभी आहेत आणि त्यांच्यात रोज प्रार्थना होते. पाऊस तिथेही पडतो आणि बर्फही. फरक आहे तो छपराचा. गॉथिक बांधणी दिसायला नुसती दगडाची वाटते, पण तिचा जीव लाकडात आणि शिशात असतो. खांबांवरून उठणाऱ्या दगडी बरगड्या वर एकमेकींना भेटतात, त्यांच्यामध्ये पातळ दगडी छत भरलेले असते. त्या छताचा दाब बाहेरच्या बाजूला जातो आणि तो पेलायला बाहेरून आधारभिंती दिलेल्या असतात. पण या दगडी छताच्या वर एक दुसरे, उतरते लाकडी छप्पर असते आणि त्यावर शिशाचे पत्रे. पाणी अडवण्याचे काम ते करते. शिसे गेले की लाकूड कुजते आणि पाणी थेट कमानींच्या खांद्यांत साचते. दरजांमधला चुना वाहून जातो, थंडीत साचलेले पाणी गोठते, फुगते, दगड सैल होतात आणि फटीत बी पडून मुळे शिरतात. कोकणात ज्या घराची शाकारणी दोन-चार पावसाळे चुकते त्याच्या मातीच्या भिंतींचे काय होते ते आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. दगडी भिंत तेच दुखणे शंभर-दोनशे वर्षांत काढते, एवढाच फरक. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच उरतो. टिंटर्नचे छप्पर कुणी उतरवले, आणि का?

मठाची स्थापना 1131 ची. चेपस्टोचा सरदार वॉल्टर डी क्लेअर याने सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंना ही जागा दिली. हा पंथ मूळचा फ्रान्समधला. वस्तीपासून दूर राहायचे, अंगमेहनत करायची, सजावटीचा सोस टाळायचा, असा त्यांचा दंडक. वेल्समधला हा त्यांचा पहिला मठ. सुरुवातीचे चर्च लहान होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉरफोकचा अर्ल रॉजर बिगॉड याच्या उदार आश्रयाने ते नवे, भव्य चर्च उठले आणि 1301 च्या सुमारास पूर्ण झाले. साधेपणाचे व्रत घेतलेल्या पंथाने सात भागांची खिडकी का उभारावी, हा प्रश्न रास्त आहे. देणगीदाराच्या मनात भव्यता असली की व्रत थोडे वाकते, हे काही फक्त ख्रिस्ती मठांपुरते खरे नाही. पुढची सव्वादोनशे वर्षे मठाचा कारभार चालला. मग 1535 मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची मोजणी झाली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला, की ज्या मठांचे वार्षिक उत्पन्न 200 पौंडांपेक्षा कमी आहे ते बंद करून मालमत्ता राजाकडे घ्यावी. टिंटर्नचे उत्पन्न भरले होते 192 पौंड. वेल्समधल्या मठांत हा सर्वांत श्रीमंत होता आणि तरीही रेषेच्या आठ पौंड खाली. 3 सप्टेंबर 1536 रोजी मठाधिपती रिचर्ड वाइक याने मठ राजाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला. चांदीची पात्रे वजन करून शाही खजिन्यात गेली आणि जमीन व इमारती वूस्टरचा अर्ल हेन्री सॉमरसेट याच्या पदरात पडल्या. या आठ पौंडांवर फार भावुक होण्यात मात्र अर्थ नाही. वेल्समधल्याच नीथ आणि व्हिटलँडच्या मठांनी दंड भरून सवलत मिळवली, आणि तरीही 1539 मध्ये तेही गेले. मार्च 1540 मध्ये एसेक्समधला वॉल्थमचा मठ बंद झाला तेव्हा दोन्ही प्रदेशांत एकही मठ शिल्लक नव्हता. चार वर्षांत आठशेच्या आसपास संस्था मिटल्या.

बंद होणे एक आणि मोडणे दुसरे. मठ कसे मोडले गेले याची टिंटर्नपुरती तपशीलवार हकीकत सांगता येत नसली, तरी इतर ठिकाणचे कागद बोलके आहेत आणि सगळे एकाच पद्धतीकडे बोट दाखवतात. हे काम पाहायला 1536 मध्ये एक नवे खातेच निर्माण करण्यात आले होते. त्या खात्याच्या दृष्टीने मठाच्या इमारतीत भावाने विकता येणाऱ्या दोन गोष्टी होत्या, छपरावरचे शिसे आणि मनोऱ्यातल्या घंटा. दोन्ही धातू, दोन्ही वितळवता येणारे, दोन्ही राजाचे. लिंकनशरमध्ये हे काम पाहणाऱ्या जॉन फ्रीमन नावाच्या अधिकाऱ्याने राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला लिहिलेले पत्र माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद आहे. हुकूम होता भिंती जमीनदोस्त करण्याचा. फ्रीमनने कळवले की त्या परगण्यातल्या सगळ्या मठांच्या भिंती पाडायच्या तर हजारभर पौंड खर्च येईल. त्यापेक्षा आधी शिसे आणि घंटा उतरवाव्यात, छपरे व जिने मोडावेत म्हणजे कुणी परत राहायला येणार नाही, आणि भिंती तशाच सोडून त्यांची दगडाची खाण म्हणून विक्री करावी. इंग्लंड-वेल्समधला नमुनेदार भग्न मठ कसा दिसतो ते आठवा: छप्पर नाही, जिना नाही, उंच भिंती मात्र आहेत. तो आकार कुठल्याही काळपुरुषाने कोरलेला नाही. तो फ्रीमनच्या अंदाजपत्रकाचा आकार आहे.

जिथे खर्चाची पर्वा केली नाही तिथे निकालही वेगळा लागला. लुईसच्या मठासाठी क्रॉमवेलने 1538 मध्ये जोव्हानी पोर्तिनारी नावाचा इटालियन अभियंता लंडनहून कारागिरांची टोळी देऊन पाठवला. त्यांनी खांबांच्या पायथ्याशी खणून, लाकडी टेकू लावून चर्च पद्धतशीर पाडले. आज लुईसला जाणाऱ्याला टिंटर्नसारखे काहीच दिसत नाही. तिथे जमिनीलगतचे दगडी गड्डे आहेत. यॉर्कशरमधल्या रीवोच्या मठात याच्या उलट झाले. तिथे काम करणाऱ्यांनी छपराचे शिसे वितळवून, राजाचा शिक्का मारून प्रत्येकी सुमारे अर्धा टनाचे ठोकळे ओतले. त्यातले चार ठोकळे कोसळलेल्या दगडांखाली गाडले गेले आणि 1920 च्या दशकात चर्चच्या पश्चिम टोकाला साफसफाई करताना सापडले. तेच शिसे मग यॉर्कच्या कॅथेड्रलमधल्या ‘फाइव्ह सिस्टर्स’ नावाच्या खिडकीच्या काचा पुन्हा बसवायला वापरले. शिसे ओतणे आधी झाले आणि दगड नंतर कोसळले, हे त्या ठोकळ्यांच्या जागेवरूनच सिद्ध होते. रोशच्या मठाची हकीकत तर माणसांच्या तोंडची आहे. तिथे जवळच राहणाऱ्या मायकेल शेरब्रुक या पाद्र्याने ती पुढे लिहून ठेवली. आसपास हवे तेवढे रान असूनही शिसे वितळवायला भिक्षूंची बसायची लाकडी आसने जाळली गेली, गावकऱ्यांनी दारांच्या बिजागऱ्या आणि भिंतीतले आकडेसुद्धा उपटून नेले, प्रार्थनेच्या पोथ्यांची पाने गाड्यांच्या फाटक्या आच्छादनांना ठिगळे म्हणून लावली. तीस वर्षांनी शेरब्रुकने आपल्या वडिलांना विचारले, की तुम्हाला ते भिक्षू वाईट वाटत होते का. वडील म्हणाले की नाही, तसे वाटण्याचे कारणच नव्हते. मग तुम्ही लुटीत हात का घातलात? वडिलांचे उत्तर असे होते, की सगळेच जाणार हे दिसत होते, मग इतरांनी घेतले तसे मीही घेतले. या म्हाताऱ्याने घंटेच्या मनोऱ्यातले लाकूड भागीदारांसह विकत घेतले होते. एवढा प्रामाणिक जबाब इतिहासात क्वचित मिळतो.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडून येतो. मठ आधीच पोकळ झाले होते, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. 1349 च्या प्लेगनंतर शेतीकाम करणारे मठातले श्रमिक बंधू मिळेनासे झाले, जमिनी खंडाने द्याव्या लागल्या, भिक्षूंची संख्या रोडावली. टिंटर्नच्या एवढ्या मोठ्या चर्चमध्ये शेवटी डझनभर भिक्षूच प्रार्थनेला उभे राहत. खुद्द कार्डिनल वूल्झीने 1520 च्या दशकात पोपची परवानगी घेऊन लहान मठ बंद केले होते आणि त्या पैशांतून ऑक्सफर्डला कॉलेज काढले होते. म्हणजे मठ बंद करण्याची कल्पना प्रॉटेस्टंट बंडखोरांची नव्हतीच. हेन्री नसता तरी टिंटर्न ओस पडलेच असते, असे या मंडळींचे म्हणणे. पण ओस पडणे आणि छप्पर जाणे यांत अंतर आहे, आणि ते दाखवायला ट्यूक्सबरी पुरेसे आहे. ग्लॉस्टरशरमधल्या या मठानेही जानेवारी 1540 मध्ये शरणागती दिली. भिक्षू गेले, ते कायमचे. पण गावकऱ्यांनी राजाच्या अधिकाऱ्यांशी सौदा करून 453 पौंडांना चर्च विकत घेतले. ही रक्कम कशावरून ठरली? घंटा आणि छपराचे शिसे यांच्या मोलावरून. दगडांना, कमानींना, चारशे वर्षांच्या प्रार्थनेला भाव नव्हता. मेरीचे प्रार्थनामंदिर या सौद्यात वाचले नाही आणि ते पाडले गेले; बाकीचे चर्च शिशासकट राहिले आणि आज गावाचे चर्च म्हणून चालते. ट्यूक्सबरी आणि टिंटर्न दोन्हींकडे भिक्षू नाहीत. एकीकडे छप्पर आहे.

हवामानाला दोष देणाऱ्यांसाठी असाच पुरावा आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात आहे. पोर्तुगीज सरकारने 1835 मध्ये गोव्यातले धार्मिक संघ बंद केले. मोंते सांतो टेकडीवरचे, 1602 मध्ये पूर्ण झालेले सेंट ऑगस्टिनचे चर्च ओस पडले आणि 1842 मध्ये त्याचे कमानदार छत कोसळले. 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. जांभ्या दगडाला कोकणच्या पावसाने खाल्ले, असे म्हणून मोकळे होता येते. पण थोड्याच अंतरावर बॉम जेझूची बॅसिलिका आहे, 1605 ची, त्याच जांभ्याची आणि त्याच पावसातली. तिचे मालक असलेले जेझुइट तर ऑगस्टिनियनांच्या कितीतरी आधी, 1759 मध्ये हाकलले गेले होते. पण तिथे संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष होते, त्यामुळे देखभाल थांबली नाही. सेंट ऑगस्टिनची मोठी घंटा मात्र खाली उतरवून आधी आग्वादच्या किल्ल्यावर आणि 1871 मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली, आणि ती अजून वाजते. धातूला जागा मिळते, हे गोव्यातही तसेच घडले.

टिंटर्नकडे परत येऊ. मोडलेल्या मठाचे पुढे काय झाले, हा भाग पर्यटनाच्या पत्रकांत दोन ओळींत उरकतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. नदीच्या या खोऱ्यात लाकूड आणि जोराचे पाणी दोन्ही होते, म्हणून 1560 च्या दशकात इथे पाणचक्कीवर तार ओढण्याचा कारखाना निघाला. त्यासाठी जर्मन कारागीर आणले गेले. पुढची तीनशे वर्षे टिंटर्न हे मुख्यतः तारेचे आणि लोखंडाचे गाव होते. मठाच्या पडक्या खोल्यांना छपरे घालून कामकरी कुटुंबे त्यांत राहत. अठराव्या शतकाच्या मध्याला मालक ब्यूफर्टच्या ड्यूकने चर्चच्या आतला दगडमातीचा ढीग काढून हिरवळ लावली आणि रॉस गावाहून होडीने वाय नदीची सहल करणाऱ्या सुखवस्तू लोकांची इथे रीघ लागली. विल्यम गिल्पिन हा पाद्री 1770 मध्ये आला आणि 1782 मध्ये त्याचे पुस्तक छापले गेले. सुंदर निसर्गदृश्य कसे असावे याचे नियम घालून देणारा हा माणूस. आयव्हीच्या वेलीवर तो खूश होता, पण आतली जमीन फार नीटनेटकी आहे म्हणून त्याने नाक मुरडले. भिंतींची त्रिकोणी टोके फार सरळसोट दिसतात, तिथे एखादा हातोडा विचारपूर्वक चालवला तर बरे होईल, असेही त्याने सुचवले. म्हणजे पडके मंदिर पुरेसे पडके नाही ही तक्रार! याच गिल्पिनला तिथल्या एका अपंग बाईने भिक्षूंचे ग्रंथालय दाखवते म्हणून नेले. तिथे गेल्यावर तिच्याकडे दाखवायला होती फक्त तिची स्वतःची ओलसर, अंधारी खोली. त्याने ते लिहिले, हे त्याचे मोठेपण. अर्ध्या मैलावरच्या लोहारखान्यांचा गोंगाटही त्याने नोंदवला. टर्नरच्या चित्रांनी मात्र आयव्ही आणि कमानी तेवढ्या उचलल्या. वर्ड्‌स्वर्थने 1798 च्या जुलैमध्ये लिहिलेल्या प्रख्यात कवितेच्या शीर्षकात टिंटर्न आहे, तर कवितेत मठाचा उल्लेखही नाही. टिंटर्नची शांतता ही अशी धूर आणि माणसे वगळून तयार झाली. त्या शांततेची गोडी एवढी वाढली की एकोणिसाव्या शतकात गॉथिक बांधणी पुन्हा फॅशनमध्ये आली, आणि तिचाच एक फाटा बोरीबंदरच्या स्थानकापर्यंत आणि राजाबाई टॉवरपर्यंत पोचला.

तिसरी घडण विसाव्या शतकातली. 1901 मध्ये ब्रिटिश सरकारने हा मठ ब्यूफर्टच्या ड्यूककडून 15,000 पौंडांना विकत घेतला. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजानेच जी वास्तू सोडून दिली होती ती परत घ्यायला हा खर्च. 1914 मध्ये ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आली. ज्या आयव्हीने दीडशे वर्षे चित्रकारांना खुळावले ती आता दगड फोडणारी म्हणून उपटण्यात आली, आणि त्यावर रसिकांनी आरडाओरडही केली. दक्षिणेकडची कमानींची रांग कलू लागली होती. तिच्यावरच्या भिंतीत पोलादी तुळया दिसणार नाहीत अशा बसवल्या. कमानींखालच्या सपाट हिरवळीने कामगारांच्या झोपड्यांचे उरलेसुरले थर पुसून टाकले. त्या पिढीच्या खात्याची हीच रीत होती: मध्ययुग उघडे करायचे, नंतरचे सगळे कचऱ्यात. जतनकाम चोख झाले यात वाद नाही. पण काय जतन करायचे हे ज्यांनी ठरवले त्यांच्या लेखी 1536 नंतरची तीन-साडेतीनशे वर्षे इतिहासात मोडत नव्हती.

शेवटचा आक्षेप असा, की हे सगळे खरे मानले तरी पाहणाऱ्याला त्याचे काय? सुंदर ते सुंदर. मान्य आहे, पश्चिमेच्या खिडकीतून उतरणारे ऊन अंदाजपत्रकाच्या ज्ञानाने फिके पडत नाही. पण ‘काळाने केले’ म्हटले की करणारे सगळे सुटतात: कायदा करणारी संसद, खर्च वाचवणारा फ्रीमन, लाकूड घेणारा शेरब्रुकचा बाप, आणि त्या अपंग बाईला खोलीसकट चित्रातून वगळणारे आपण प्रवासी. यॉर्कशरमध्ये आजही काही जण पडक्या मठांचे खापर क्रॉमवेलवर फोडतात, आणि विचारले तर नाव सांगतात ऑलिव्हरचे, जो थॉमसच्या नंतर शंभर वर्षांनी झाला. नाव चुकते, पण निदान कुणीतरी माणसानेच केले एवढे त्यांना ठाऊक आहे. वेल्सला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला म्हणूनच एक विनंती. टिंटर्न एकटे पाहू नका. आधी ट्यूक्सबरीला किंवा ग्लॉस्टरला जा. तिथून टिंटर्न गाडीने फार दूर नाही. छपराखाली उभे राहून मान वर करा, बरगड्या कुठे भेटतात ते नीट बघून ठेवा, आणि मगच टिंटर्नच्या गवतावर पाय ठेवा.